उन्हाळ्यात योसेमिटीचे धबधबे कसे करायचे : व्हर्नल आणि नेवाडा, पार्किंगपासून परतीपर्यंत

आपल्याकडे धबधबा म्हणजे जुलै-ऑगस्ट, रेनकोट, चिखल, खाली उतरलेले ढग आणि वाटेत कुठेतरी भाजलेलं कणीस, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की भारतातून आलेले पाहुणे दरवर्षी मला तेच विचारतात, अरे जूनमध्ये एवढ्या उन्हात कसला धबधबा, पावसाचा तर एक थेंब नाहीये. मग गाडी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कच्या व्हॅलीत शिरते, बाहेर ३४-३५ डिग्री, आभाळ निळंशार, आणि समोर कड्यावरून पाणी असं कोसळत असतं की गाडीतले सगळे बोलायचे थांबतात.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, राहायला आल्यापासून व्हर्नल फॉल आणि नेवाडा फॉलचा ट्रेक मी बऱ्याचदा केलाय, मित्रांबरोबर, एकट्याने, आईबाबांना घेऊन, पोरांना घेऊन. उन्हाळा आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, कसं जायचं, काय न्यायचं, आईला जमेल का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. हे धबधबे पावसावर नाही, उन्हावर वाहतात. सिएरा नेवाडाच्या डोंगरात हिवाळाभर बर्फ साठतो, एप्रिलपासून तो वितळायला लागतो, ते पाणी मर्सेड नदीत येतं आणि ती नदी आधी नेवाडा फॉलवरून १८१ मीटर आणि मग थोडं खाली व्हर्नल फॉलवरून ९७ मीटर उडी मारते. नावंसुद्धा तेच सांगतात, नेवाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये बर्फाने झाकलेलं आणि व्हर्नल म्हणजे वसंतातलं. (ही नावं १८५१ मध्ये मारिपोसा बटालियनमधल्या लाफायेट बनेल नावाच्या माणसाने दिली, आणि ती बटालियन तिथे आली होती मूळच्या आवानीची लोकांना त्यांच्याच दरीतून हाकलायला. हे माहीत असलेलं बरं असं मला वाटतं, मुलांनाही सांगावं.)

म्हणजे जितकं ऊन कडक तितकं वर बर्फ जास्त वितळतो आणि तितकं खाली पाणी जास्त. आपण सह्याद्रीत फिरलेली माणसं पाण्याला भ्यायचं ते आभाळाकडे बघून शिकलेलो असतो, ढग भरून आले, वरच्या अंगाला पाऊस लागला की ओढ्यातून बाहेर यायचं. इथे आभाळ काहीच सांगत नाही. सगळ्यात छान, स्वच्छ, गरम दिवशीच नदी सगळ्यात जोरात असते आणि त्याच दिवशी माणूस घामाघूम होऊन पाण्यात पाय टाकायला जातो. ऊन आणि पाणी ही इथे दोन वेगळी संकटं नाहीत, एकच आहे, आणि खालची सगळी तयारी मी त्याच हिशोबाने सांगतोय.

कधी जायचं? पाणी बघायचं असेल तर मे चा दुसरा पंधरवडा ते जूनअखेर. जुलैत पण चांगलं असतं, ऑगस्टपासून उतरतं. योसेमिटी फॉल हा ७३९ मीटरचा प्रसिद्ध धबधबा ऑगस्टपर्यंत बऱ्याचदा नुसता ओला डाग होऊन राहतो, कारण त्याच्यामागे साठा कमी, पण व्हर्नल आणि नेवाडा वर्षभर वाहतात कारण मर्सेडचा पसारा वर खूप मोठा आहे. बर्फ किती पडलाय त्यावर सगळं अवलंबून. २०२३ मध्ये बर्फ प्रचंड पडला होता, त्या वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी उशिरापर्यंत धबधबे भरलेले होते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी जुलैचा शेवटचा आठवडा सुचवेन, पाणी थोडं कमी असतं पण पायऱ्याही कमी ओल्या असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर वणव्याचा धूर किती आहे ते आदल्या दिवशी बघा, धुरात चढू नका.

आता पोचणं. बे एरियापासून साधारण चार तास. ग्रोव्हलँडवरून १२० नंबरचा रस्ता किंवा मारिपोसावरून १४०. १२० वर प्रीस्ट ग्रेडचा चढ लागतो, तिथे जुना रस्ता सरळसोट आणि भयंकर चढाचा आहे, नवा वळणावळणाचा. उन्हात एसी फुल लावून, पाच माणसं आणि डिकी भरून जुन्या रस्त्याने जाऊ नका, गाडी तापते. नव्याने जा, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि आलेपाक हाताशी ठेवा. पेट्रोल खालच्या गावातच भरून घ्या, व्हॅलीत पंप नाहीये. आणि आत जायला आधी रिझर्व्हेशन लागतं का, हा नियम दरवर्षी बदलतो, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी पार्कच्या साइटवर बघा, मागच्या वर्षी गेलेल्या मित्राला विचारून निघू नका. ट्रेल चालू आहे का तेही तिथेच कळतं, कधी कधी दुरुस्तीसाठी काही भाग बंद असतो.

एका दिवसात जाऊन येऊन करता येतं, मी केलंय, पण आता कोणाला सांगणार नाही. पहाटे तीनला उठून गाडी, मग सात-आठ तास चाल, मग परत चार तास गाडी, आणि उन्हाने थकलेल्या माणसाला गाडीत बसल्यावर जी झोप येते ती आवरत नाही. एक रात्र मारिपोसा, एल पोर्टल, ग्रोव्हलँड कुठेही मुक्काम करा, व्हॅलीत मिळालं तर उत्तमच पण त्यासाठी बरेच महिने आधी बुकिंग लागतं. मुक्काम शक्यच नसेल तर निदान गाडी चालवणारे दोघं हवेत आणि त्यातला एक व्हर्नलच्या आधी लागणाऱ्या लाकडी पुलापासून परत फिरणारा.

ट्रेल सुरू होते हॅपी आइल्सपासून, शटलचा १६ नंबरचा स्टॉप. शटल फुकट आहे. गाडी करी व्हिलेजच्या आसपास किंवा ट्रेलहेड पार्किंगला लावायची आणि दहा-पंधरा मिनिटं चालत जायचं, पण उन्हाळ्यात शनिवार-रविवारी ही पार्किंग सकाळी आठच्या आत भरतात. त्यामुळे पार्किंगसाठी लवकर आणि उन्हासाठीही लवकर. मी साडेसहाला चालायला सुरुवात करतो. साडेसात ठीक. नऊ वाजले असतील तर फक्त व्हर्नलपर्यंत जा. आणि अकरा वाजून गेले असतील तर पुलापर्यंत जाऊन परत या आणि बाकी दिवस खाली नदीकाठी झाडाखाली काढा, तोही वाईट जात नाही.

पाणी किती न्यायचं ह्यावर घरोघरी वाद होतात. माझा हिशोब असा, नुसता पूल म्हणजे माणशी एक लिटर, व्हर्नलच्या माथ्यापर्यंत दोन, नेवाडापर्यंत तीन. पुलाजवळ उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचा नळ चालू असतो, तिथे परत भरून घ्यायचं, त्याच्यावर नळ नाही. नदीचं पाणी कितीही काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी फिल्टरशिवाय प्यायचं नाही, त्यात जिआर्डिया नावाचा परजीवी असू शकतो, पोट बिघडेल ते घरी गेल्यावर आठवडाभर. आणि नुसतं पाणी पिऊ नका. इथलं ऊन कोरडं आहे, मुंबईसारखा घाम अंगावर राहत नाही, आला की उडतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही आणि अंगातलं मीठ मात्र जात राहतं. दुपारी शर्टवर पांढऱ्या रेघा दिसल्या की समजा. म्हणून एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस, आणि आमच्याकडे कोकम सरबत असतंच, जिरं-मीठ घातलेलं. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट.

खायला दशम्या सगळ्यात बेस्ट, दुधात भिजवलेल्या मऊ राहतात, लिंबाच्या लोणच्याबरोबर थंडच खायच्या, लोणच्याचं मीठही पोटात जातं. धपाटे पण चालतात. खारे शेंगदाणे, गुडदाणी, खजूर. बटाट्याची भाजी नेऊ नका, गाडीत आणि सॅकमध्ये सहा तास उन्हात तापून आंबते. चॉकलेट वितळतं. संत्री-मोसंबी जड होतात पण वर माथ्यावर सोलून खाताना जे सुख आहे त्यासाठी मी दोन तरी नेतोच. साली परत आणायच्या, तिथे टाकायच्या नाहीत.

कपडे : अंगात पटकन वाळणारा शर्ट, पूर्ण बाह्यांचा असेल तर आणखी चांगलं, डोक्याला मोठ्या काठाची टोपी, आणि एक सुती पंचा. पंचा विसरू नका. भिजवून मानेवर ठेवायचा, डोक्याला बांधायचा, हात पुसायचे, माथ्यावर अंथरून बसायचं. मोबाइल झिपच्या पिशवीत. बूट तळ चांगला असलेले, आणि हे जरा मोकळेपणाने सांगतो कारण ह्यात सह्याद्रीवाले फसतात. आपला कातळ बेसॉल्टचा, खरबरीत, शेवाळ नसेल तर बूट पकडतो. इथला ग्रॅनाइट हजारो वर्षं हिमनदीने घासून काढलाय, मग त्यावरून लाखो बुटांचे तळ गेलेत, काही ठिकाणी तो कोरडा असताना सुद्धा फरशीसारखा गुळगुळीत आहे आणि वर बारीक वाळू असली की पाय सरकतो. ज्या आत्मविश्वासाने आपण राजगडच्या पायवाटेवर उड्या मारत उतरतो तो इथे बाजूला ठेवायचा. सँडल, चपला, झिजलेले जॉगिंगचे बूट नकोत. गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या न्या, दोन.

चला, आता वाट.

हॅपी आइल्सला पुलाजवळ एक पाटी आहे, त्यावर वेगवेगळ्या जागांची अंतरं लिहिलीयत आणि त्यात माउंट व्हिटनी २११ मैल असंही आहे, कारण तिथपर्यंत जाणारी जॉन म्युअर ट्रेल इथूनच सुरू होते. पहिला टप्पा व्हर्नलच्या लाकडी पुलापर्यंत, १.३ किलोमीटर, चढ १२० मीटरच्या आसपास. वाट डांबरी आहे म्हणून लोकांना वाटतं सोपी असेल आणि सगळे जोरात सुटतात. चढ चांगलाच आहे, दम लागतो. इथेच दिवस बिघडतो. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, इतकं हळू की बोलता बोलता चढता आलं पाहिजे. व्हॅली स्वतःच समुद्रसपाटीपासून १२०० मीटरवर आहे, समुद्राजवळून काल आलेल्या माणसाला ते थोडं जाणवतं. सकाळी लवकर गेलात तर ह्या भागात बरीच सावली मिळते, एका बाजूला खाली मर्सेड दगडांवरून फेसाळत जात असते, तिचा आवाज सतत बरोबर.

पुलावर पोचलात की व्हर्नल समोर दिसतो. पूर्ण. रुंद पडदा, वरून खाली पांढरा. इथे संडास आहेत, पाण्याचा नळ आहे, बसायला दगड आहेत. आणि इथेच थांबून प्रत्येकाची विचारपूस करायची. नुसतं ठीक आहेस का विचारू नका, आपली माणसं ठीकच म्हणतात. पाणी किती संपलं ते बाटली हातात घेऊन बघा, शेवटचं लघवीला कधी गेलात ते विचारा, चेहरा बघा.

माझ्या आईचं सांगतो. पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही उशिरा निघालो होतो, पुलावर पोचायला साडेअकरा झाले. तिने सकाळपासून पाणी जेमतेम पाव बाटली प्यायलं होतं, कारण वाटेत बाथरूम नसेल ह्याची धास्ती, आणि हे ती कोणाला बोलली नाही. पुलाच्या शंभर पावलं आधी म्हणाली डोकं जड झालंय, मळमळतंय, आणि चेहरा पांढराफटक. सावलीत आडवं केलं, पाय सॅकवर ठेवले, पंचा भिजवून मान, काखा, कपाळ सगळं ओलं केलं, वारा घातला, ओआरएस घोटघोट पाजलं. अर्ध्या तासाने बरी झाली, तासभर तिथेच बसवलं, मग उन्हाचा टाइम टाळत सावकाश खाली आणलं. तेव्हापासून मी बायकांना, विशेषतः आईच्या वयाच्या, निघायच्या आधीच सांगतो की हॅपी आइल्सला संडास आहे, पुलाजवळ आहे, व्हर्नलच्या वर एमराल्ड पूल नावाच्या डोहापाशी आहे आणि नेवाडाच्या वरही आहे, तेव्हा पाणी पिताना त्याची काळजी करू नका. ही एवढी माहिती कुठल्याही टोपीपेक्षा जास्त कामाची आहे.

आणि ह्यापुढचं लक्षात ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पोटरीत गोळे, हे थांबायचं लक्षण, वर जायचं नाही. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं गरम लागतंय, अडखळतोय, शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात, तिथे वाट बघायची नाही, मिळेल तितक्या पाण्याने अंग भिजवत राहायचं आणि मदतीसाठी ९११ ला फोन. रेंज सगळीकडे नाही, म्हणून एकाने पेशंटजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने खाली जाऊन पुलाजवळ किंवा हॅपी आइल्सला मदत बोलवायची. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

पुलानंतर थोड्याच अंतरावर फाटा फुटतो, एक वाट जॉन म्युअर ट्रेलने वळसा घालत वर, दुसरी मिस्ट ट्रेल, सरळ धबधब्याच्या अंगाने. चढताना मिस्ट ट्रेलच घ्या. ग्रॅनाइटच्या सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणजे पुण्याची पर्वती सहा वेळा चढल्यासारखं, फक्त इथल्या पायऱ्या उंच, वाकड्यातिकड्या आणि जूनमध्ये चिंब ओल्या. धबधब्याचे तुषार वाऱ्याबरोबर अंगावर येतात, दोन मिनिटांत केस, शर्ट, बूट सगळं भिजतं. मघापासून ज्या उन्हाला शिव्या घालत आलो त्याच उन्हाचं पाणी असं अंगावर आलं की थकवा कुठल्या कुठे जातो. सूर्य पाठीशी असेल तर समोर तुषारांत इंद्रधनुष्य पडतं, कधी कधी पार पायाशी, हात लावता येईल इतकं जवळ वाटतं.

इथल्या सूचना म्हणजे फोटो काढायचा असेल तर दोन्ही पाय टेकवून थांबून काढा, चालता चालता नाही. उतरणाऱ्यांना डोंगराच्या बाजूने जागा द्या किंवा तुम्ही आतल्या बाजूला उभे राहा, नदीकडे सरकायचं नाही. मुलांचा हात धरलेला असू दे, खांद्यावर मूल घेऊन ह्या पायऱ्या चढू नका, तोल जातो. पोंचो लागतो का असं विचारतात, मे महिन्यात सकाळी सावलीत थंडी वाजते तेव्हा ठीक, पण जून-जुलैच्या गरम दिवशी मी घालत नाही, वाऱ्याने फडफडतो आणि आपल्याला आपलेच पाय दिसत नाहीत. त्यापेक्षा भिजा आणि सॅकमध्ये एक कोरडा टीशर्ट ठेवा. शेवटी कड्यातून कोरलेली अरुंद वाट आहे, लोखंडी रेलिंग आहे, गर्दी झाली तर घाई करू नका, एकेक जण जातो.

व्हर्नलचा माथा म्हणजे मोठा सपाट खडक, उतार नदीकडे. ट्रेलहेडपासून १.९ किलोमीटर, ३०० मीटर चढ. इथे बसून खायचं. खारी सॅकच्या चेनमध्ये तोंड घालतात, त्यांना खायला देऊ नका आणि सॅक उघडी ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यावर मी कोणाशी वाद घालत नाही. माथ्यापासून काही पावलं मागे एमराल्ड पूल आहे, हिरवागार, शांत दिसणारा डोह. त्याच्या वर सिल्व्हर एप्रन, म्हणजे सपाट उतरता खडक आणि त्यावरून काचेच्या पातळ थरासारखं सरकणारं पाणी, घसरगुंडीच वाटते. तुम्ही तापलेले, भिजलेलं सगळं परत वाळलेलं, आणि समोर हे. पोहायला बंदी आहे, पाट्या आहेत, आणि तरी लोक उतरतात. तो डोह शांत नाही, त्याचं सगळं पाणी त्या काठावरून ९७ मीटर खाली जातंय आणि काठ अगदी जवळ आहे. पाणी कालपर्यंत बर्फ होतं, अंगाला लागल्याबरोबर श्वास अडकतो, हातपाय पाहिजे तसे हलत नाहीत, आणि तळाचा दगड गुळगुळीत, धरायला काही नाही. १९ जुलै २०११ ला इथे तिघं जण रेलिंगच्या पलीकडे पाण्यात गेले आणि व्हर्नलवरून खाली वाहून गेले. तिघंही गेले. त्या वर्षी बर्फ भरपूर होता, जुलैतही नदी पूर्ण भरलेली, आणि दिवस उन्हाळ्याचा, भरपूर लोक आजूबाजूला होते, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

म्हणून आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे. रेलिंगच्या पलीकडे कोणीही नाही, फोटोसाठी नाही, बाटली भरायला नाही, टोपी उडाली तर टोपी गेली. व्हर्नलच्या वर पायसुद्धा पाण्यात घालायचे नाहीत, आणि हे खाली पार्किंगमध्येच सगळ्यांकडून, मुलांकडून तर नक्कीच, कबूल करून घ्यायचं, वर गेल्यावर उन्हात सांगितलं तर कोणी ऐकत नाही. थंड व्हायचंय तर पंचा बाटलीतल्या पाण्याने भिजवा.

पुढे नेवाडा. माथ्यावर बसून घड्याळ बघा, दहा-साडेदहाच्या आत असाल आणि माणशी निदान दीड लिटर पाणी उरलं असेल तरच पुढे. हॅपी आइल्सपासून नेवाडाचा माथा ४.३ किलोमीटर आणि एकूण चढ ६०० मीटरच्या वर थोडा. एप्रनच्या वरचा पूल ओलांडून झाडीतून वाट जाते, जरा सावली, मग समोर नेवाडा दिसतो, शेजारी लिबर्टी कॅपचा भलामोठा घुमट, आणि मग दगडी वळणं सुरू, एकामागे एक. हा भाग मला पूर्ण ट्रेकमध्ये सगळ्यात कठीण वाटतो कारण तुषार नाहीत, सावली तुटक, आणि दोन्ही बाजूचा पांढरा ग्रॅनाइट उष्णता परत अंगावर फेकतो. दहा वळणं चढा, थांबा, दोन घोट, परत. जिथे सावली मिळेल तिथे थांबायचं, उन्हात उभं राहून दम खायचा नाही. वर फाट्यावर डावीकडे हाफ डोम ह्या प्रसिद्ध ग्रॅनाइटच्या घुमटाची वाट जाते, आपण उजवीकडे.

नेवाडाच्या माथ्यावर नदीवर पूल आहे. त्याच्यावर उभं राहून खाली बघितलं की पाणी खडकाच्या चिंचोळ्या भागातून दाटून येतं आणि मग काठावरून नाहीसं होतं, खालून फक्त गडगडाट. इथे अर्धा तास घ्या, बूट काढून मोजे वाळवा, संत्री सोला. जुलै-ऑगस्टात दुपारी अचानक ढग जमून गडगडायला लागलं तर मात्र लगेच निघा, उघड्या ग्रॅनाइटवर विजेच्या वेळी थांबायचं नाही.

परत येताना मिस्ट ट्रेलने उतरू नका. ओल्या उंच पायऱ्या, थकलेले गुडघे, समोरून चढणाऱ्यांची गर्दी. पूल ओलांडून तसंच पुढे गेलं की जॉन म्युअर ट्रेल लागते, मैलभर जास्त चाल पडते पण उतार सौम्य. सुरुवातीला कड्याला कोरलेली वाट आहे, वरून पाणी ठिबकत असतं, तिथे मी दरवेळी टोपी काढून डोकं ओलं करून घेतो, आणि तिथून मागे वळून नेवाडा, लिबर्टी कॅप आणि हाफ डोमची पाठ एकत्र दिसते. फोटो इथला काढा. पुढे क्लार्क पॉइंट, आणि मग वळणावळणाने पुलाजवळ. पुलावरचा नळ दिसला की परत एकदा पोटभर पाणी.

नुसतं व्हर्नलपर्यंत गेलेल्यांनी सुद्धा क्लार्क पॉइंटवरून जॉन म्युअरने उतरलं तर गुडघे वाचतात, पण त्यासाठी आधी थोडं आणखी चढावं लागतं, ते अंगात त्राण असेल तरच.

आईबाबांचं विचाराल तर रोज फिरायला जाणारे, पर्वती किंवा तळजाई चढणारे असतील तर पूल आरामात, सकाळी सातला निघून. बीपीची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हात चढण्याआधी डॉक्टरांना विचारा, अशा गोळ्यांनी पाणी-मीठ आणखी कमी होतं. बाबांना सांगा वर नाही गेलात तरी चालेल, पुलावरून अख्खा व्हर्नल दिसतो. आमचे बाबा पुलावर तीन तास बसले होते, जाणाऱ्या येणाऱ्याशी मोडक्या इंग्रजीत गप्पा मारत, आम्ही परत आलो तर म्हणाले इतक्या लवकर कशाला आलात.

खाली आल्यावर पाण्यात जायचंच असेल तर त्याची जागा व्हॅलीत आहे, सेंटिनल बीच, कॅथीड्रल बीच, तिथे नदी सपाट आणि वाळूचा काठ. तेही जुलैअखेर-ऑगस्टात, नदी उतरलेली असताना, काठाकाठाने गुडघाभर. जूनमध्ये तिथेही ओढ असते.

आणि मुक्कामाला असाल तर जेवून झाल्यावर टॉर्च घेऊन परत एकदा हॅपी आइल्सच्या पुलावर जा. दुपारच्या उन्हात वरती वितळलेला बर्फ खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे जूनमध्ये नदी रात्रीच जास्त चढते. सकाळी निघताना काठावरचा एखादा कोरडा दगड मुलांना दाखवून ठेवायचा. रात्री टॉर्च मारून तो शोधायला सांगायचं, आमच्या वेळी तो पाण्याखाली गेला होता.